डोहात उतरण्याआधी: शिरवळच्या बाजूचा एक दिवसाचा ट्रेक

आजचा भाग तुमच्याच एका प्रश्नावर आहे. पावसाळा संपत आला की हा प्रश्न हमखास येतो. कधी पशुवैद्यकीय कॉलेजच्या पोरांकडून, कधी एमआयडीसीत कामाला आलेल्यांकडून, कारण त्यांना रविवार एकच सुट्टीचा. प्रश्न असा असतो: "दादा, शिरवळच्या जवळपास ट्रेक करून पोहता येईल असा डोह कुठं आहे?"

जागा सांगतो. पण जागा सांगायला दोन मिनिटं लागतात, बाकीच्याला वेळ लागतो. म्हणून आजचा भाग जरा लांब झालाय. ऐकायला वेळ नसेल त्यांच्यासाठी हे लिहून दिलंय.

आधी आपण कुठं राहतो ते बघू. पश्चिमेला महाबळेश्वर, तिथं वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस. पूर्वेला माण-खटाव, तिथं सरासरी पाचशेच्या आसपास, आणि वाईट वर्षी तेवढाही नाही. दोन्ही एकाच सातारा जिल्ह्यात. सह्याद्रीनं ढग अडवले की पलीकडं उरतो तो पर्जन्यछायेचा पट्टा, आणि आपला खंडाळा तालुका त्याच पट्ट्याच्या उंबऱ्यावर बसलाय. त्यामुळं इथले ओढे बारमाही नाहीत. जूनमध्ये जागे होतात, दिवाळीनंतर दम तोडायला लागतात, आणि मार्चमध्ये बघाल तर नुसता गोट्यांचा रस्ता. ज्यांनी वाळवंटातल्या झऱ्यांचे परदेशी व्हिडिओ बघितलेत त्यांना ही गोष्ट लगेच कळेल: सगळीकडं कोरडं माळरान, आणि मधेच कातळात साठलेलं हिरवं पाणी. आपल्याकडं फरक एवढाच, की ते पाणी वर्षातले थोडेच महिने असतं.

म्हणजे आपला पहिला प्रश्न 'कुठं' हा नाही, 'कधी' हा आहे.

जुलै-ऑगस्ट सोडून द्या. धबधबे छान दिसतात, मान्य. पण तेव्हा ओढ्याच्या कडेनं चालणं म्हणजे ओढ्याच्या मर्जीवर चालणं. सप्टेंबर अखेर ते नोव्हेंबर हा काळ मला बरा वाटतो. पाणी निवळलेलं, गवत गुडघाभर, ऊन सोसण्यासारखं. पण यातही एक मेख आहे, आणि ती म्हणजे परतीचा पाऊस. ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात सकाळी आभाळ काचेसारखं स्वच्छ असतं. दुपारी दोन-तीननंतर ढग चढायला लागतात आणि चारला वीज कडाडते. जमीन आधीच ओली असते, त्यामुळं पाणी मुरत नाही, सरळ ओढ्यात येतं.

हिशोब करून दाखवतो. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटरवर एक लिटर पाणी. समजा ओढ्याच्या वरच्या अंगाला एक चौरस किलोमीटर डोंगरउतार आहे, आणि तिथं तासाभरात तीस मिलिमीटर पडला. झाले तीन कोटी लिटर. त्यातलं निम्मं मुरलं असं धरलं तरी उरलेलं दीड कोटी त्याच अरुंद घळीतून खाली येणार, जिथं तुम्ही टॉवेल वाळत घातलाय. आणि पाऊस डोंगरावर पडत असतो, तुमच्या डोक्यावर नाही. तुमच्याकडं कदाचित ऊनच असेल.

भुशी धरणाची गोष्ट तुम्ही मोबाईलवर बघितलीच असेल. ३० जून २०२४, रविवार, लोणावळा. धरणाच्या मागच्या धबधब्यात एक कुटुंब खडकावर उभं होतं. पाणी वाढलं, सगळे एकमेकांना धरून उभे राहिले, आणि बघता बघता वाहून गेले. पाच जीव गेले, त्यात लहान मुलं होती. तो व्हिडिओ बघून "ही माणसं तिथं गेलीच कशाला" असं लिहिणारे खूप होते. मला ते पटत नाही. ज्या क्षणी ते खडकावर गेले त्या क्षणी पाणी घोट्याएवढं असेल तर कुणीही गेलं असतं. प्रश्न जाण्याचा नव्हताच, परत यायची वाट पाण्यातूनच होती हा होता.

आज मला नेमकं हेच सांगायचंय. पाण्यात शिरायची जागा सगळेच शोधतात. आपण बाहेर यायची जागा आधी शोधायची. डोहातून बाहेर, घळीतून बाहेर, आणि अंधार पडायच्या आत डोंगरातून बाहेर. सगळं प्लॅनिंग असं उलट्या टोकाकडून करायचं.

आता जागा. नवख्यांना मी पांडवदरा सांगतो. शिरवळपासून काही किलोमीटरवर, मांढरदेवाच्या डोंगररांगेच्या सोंडेला लागून एक अरुंद दरी आहे, आणि तिच्या डोक्याशी बौद्ध लेणी आहेत. पंधराच्या आसपास. एक साधं चैत्यगृह, आत स्तूप, बाकीचे भिक्षूंच्या राहण्याचे विहार. कोरीव काम फारसं नाही, अजिंठा डोक्यात ठेवून जाऊ नका. नाव पांडवांचं, कारण आपल्याकडं कुठलंही लेणं कुणी कोरलं हे विसरलं की ते पांडवांच्या खात्यावर जमा होतं. पण भिक्षूंनी जागा का निवडली असेल हे तिथं बसलं की कळतं: पावसाळ्यात आसरा, डोंगरातून येणारं पाणी, आणि खाली नीरेच्या काठानं जाणारी वाट. पाणी बघूनच त्यांनीही मुक्काम ठरवला.

इथं चालायचं, लेणी बघायची, ओढ्यात पाय सोडून बसायचं, डबा खायचा. हा दिवस पूर्ण आहे. पोहणं या ट्रेकमध्ये नसलं तरी चालतं, हे मला मुद्दाम सांगावं लागतं.

"पण दादा, डोह?" हो, येतो.

डोह कसा तयार होतो ते माहीत असलं की त्याची भीती कुठं बाळगायची ते कळतं. आपला खडक बेसॉल्ट, काळा कातळ. ओढ्याच्या धारेत एखाद्या खाचेत गोटे अडकतात, पाणी त्यांना गरागरा फिरवतं, आणि हजारो वर्षं ते जात्यासारखे कातळ दळत राहतात. त्यातून रांजणखळगे होतात. हे शिकायचं असेल तर एकदा निघोजला जाऊन या. पारनेर तालुका, तोही दुष्काळी पट्टाच, कुकडी नदीच्या पात्रात मळगंगा देवीच्या मंदिरापाशी कातळाची अक्षरशः चाळण झालीय. बघायला जायचं बरं का, उतरायला नाही. कारण रांजणाचा आकार काय असतो? तोंड लहान, पोट मोठं. भिंती घोटून गुळगुळीत झालेल्या, वर शेवाळ. आत पडलेल्या माणसाला पोहता येत असलं तरी धरायला काही नसतं. तो बुडतो ते पोहता येत नाही म्हणून नाही, दमतो म्हणून.

धबधब्याच्या पायथ्याचा डोह दुसऱ्या तऱ्हेनं फसवतो. पडणारं पाणी खाली जाऊन भोवरा करतं आणि माणसाला परत धारेखालीच ओढतं. शिवाय फेसाळ पाण्यात हवा मिसळलेली असते, त्यामुळं ते तुम्हाला नेहमीसारखं तरंगू देत नाही. स्विमिंग टँकमध्ये वीस लॅप मारणारा इथं गोंधळतो. आणि वरून बघून खोलीचा अंदाज? दहावीला अपवर्तन शिकलोय आपण. पाणी खऱ्या खोलीच्या साधारण पाऊणपटच खोल दिसतं. आठ फूट असेल तर सहा वाटतं. तळाचा खडकही असाच वर आल्यासारखा वाटतो, म्हणून सूर मारायचा नाही. कधीच नाही. गेल्या वर्षी इथंच मारला होता म्हणाल तर पुरानं या वर्षी तिथं नवा धोंडा आणून टाकलेला असू शकतो.

मग पोहायचं कुठं? माझी परीक्षा साधी आहे. जिथं चालत आत जाता येतं आणि चालत बाहेर येता येतं, तळ दिसतो, पाणी छातीच्या वर जात नाही, आणि धार जाणवत नाही, तिथं. उडी मारून आत जावं लागतं तो डोह बाद. दोरीनं बाहेर यावं लागतं तो डोह बाद. ढोपराएवढ्या पाण्यात उभं राहून बघा, पाय ढकलले जातायत का. पाण्याचा वेग दुप्पट झाला तर धक्का चौपट होतो, त्यामुळं ढोपराला जे गमतीचं वाटतं ते कमरेला गमतीचं राहत नाही.

आणि नीरा? ती तर गावाला लागूनच आहे, सुभानमंगळ गढीच्या खाली. पण नीरा हा ओढा नाही. वरच्या अंगाला नीरा देवघर आणि भाटघर ही धरणं आहेत, खाली वीर. वरून पाणी सोडलं की इकडं ढग नसताना पात्र वाढतं. धरणाच्या फुगवट्याचं पाणी तर आणखी वेगळं: वरून शांत, खाली गाळ आणि बुडालेले उतार. एका पावलावर कमरेएवढं, पुढच्या पावलावर तळच नाही. मे २०२२ मध्ये भाटघरच्या जलाशयात पाच महिला बुडाल्या. ना पूर होता, ना पाऊस. भर उन्हाळा होता. म्हणून धरणाच्या पाण्यात पोहायचं हा विषय माझ्या यादीत नाहीच.

आपल्या आधीच्या पिढीतली खूप माणसं विहिरीत पोहायला शिकली. पाठीला वाळका भोपळा नाहीतर पत्र्याचा डबा बांधायचा, कमरेला दोर, आणि दोराचं दुसरं टोक काठावर काकांच्या हातात. यातला भोपळा लोकांच्या लक्षात राहिला, काठावरचा माणूस विसरला गेला. ग्रुपमध्ये एक जण कायम कोरडा राहणार, हे आधीच ठरवा, आणि पाळीपाळीनं बदला. त्याच्याजवळ पंधरा-वीस मीटर दोरी, आणि झाकण घट्ट लावलेला रिकामा पाच लिटरचा कॅन. कुणी बुडायला लागलं तर त्याच्यामागं उडी मारायची नाही. बुडणारा माणूस मिठी मारतो आणि दोघं जातात. कॅन फेका, दोरी फेका, लांब काठी द्या, ओढणी द्या. मित्र ओरडत असताना काठावर थांबणं अवघड असतं, म्हणून हे घरून निघतानाच बोलून घ्यायचं.

दिवसाचं गणितही उलटंच मांडू. नोव्हेंबरात सहाच्या सुमारास मावळतं, पण डोंगर पश्चिमेला असल्यानं दरीत ऊन त्याच्या खूप आधी जातं. म्हणून गावात पाचला परत. म्हणजे दरीतून तीनला निघायचं, आणि ऑक्टोबर असेल तर एकलाच, कारण ढगांची वेळ तुम्हाला माहितीय. म्हणजे पाण्यापाशी साडेनऊ-दहाला पोचायला हवं, आणि शिरवळातून सातला बाहेर. पुण्याहून येणाऱ्यांनो, पन्नासेक किलोमीटर आहे, त्या हिशोबानं उठा.

सामानात प्रत्येकी तीन लिटर पाणी, ओढ्याचं प्यायचं नाही, वरती गुरं असतात. ओल्या कातळावर पकड घेणारे बूट, चप्पल नको. भाकरी-चटणी, गूळ-शेंगदाणे, बाकी तुमची आवड. अत्तर-डिओ टाळा, आणि लेण्यांत धूर तर अजिबात नको. आग्या मोहोळ असेल तर पळायला वाट नसते.

मोबाईलचा उपयोग निघण्याआधी जास्त. नकाशा ऑफलाइन उतरवून ठेवा, दरीत रेंजचा भरवसा नाही. हवामान खात्याचा अंदाज आदल्या रात्री आणि सकाळी, दोन्ही वेळा बघा, आणि तो फक्त शिरवळचा नको, वाई-भोरच्या डोंगराचाही. विजेसाठी 'दामिनी' ॲप आहे, पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनं केलेलं. घरच्या एका माणसाला मेसेज टाका: कुठं चाललोय, किती जण, आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर ११२ ला लावायचा. वेळ लिहायचीच. "संध्याकाळपर्यंत येतो" ही वेळ नाही. जखमी असेल तर रुग्णवाहिकेचा नंबर १०८.

आणि पायथ्याच्या वस्तीत थांबा. दोन मिनिटं. गुरं राखणारे मामा किंवा धुणं धुवायला आलेल्या मावशी भेटतील. "मामा, वर पाणी कसं हाय?" एवढं विचारा. कुठला डोह खोल, कुठं कोण बुडालं होतं, हे त्यांना नावागावानिशी माहीत असतं. त्यांनी "तिकडं नगा जाऊ" म्हटलं तर कारण विचारा, वाद घालू नका. येताना सांगून जा की सगळे खाली आलो, नाहीतर ते उगाच वाट बघतात.

घळीत बसला असाल आणि निवळशंख पाणी अचानक चहाच्या रंगाचं झालं, काटक्या-पाचोळा वाहत यायला लागला, वरून गडगडल्यासारखा आवाज आला, यातलं एक जरी झालं तर सॅक सोडा. ओढ्याच्या दिशेनं खाली पळू नका, पाणी तुमच्यापेक्षा जोरात पळतं. बाजूच्या उतारावर सरळ वर चढा. आणि अलीकडं-पलीकडं असे दोन गट झाले असतील तर दोघांनी आपापल्या काठावर थांबायचं. आपले ओढे आखूड आहेत, जितक्या झटक्यानं चढतात तितक्याच लवकर बहुतेक वेळा उतरतातही. दोन-तीन तास भिजत बसावं लागेल. बसा.

या रविवारी जाणार असाल तर शनिवारी रात्री अंदाज बघून मगच डब्याचं ठरवा. ओढ्याला पाणी किती आहे ते परत आल्यावर मला व्हॉइस नोट करून पाठवा, पुढच्या भागात सगळ्यांना ऐकवतो. चला, भेटू.