आरशाविना कॅमेरा : प्रवासासाठी कोणता घ्यावा?

सहामाही परीक्षा आटोपली की सहलींचे दिवस येतात. कधी बिदरचा किल्ला, कधी बसवकल्याण, कधी हुमनाबादजवळचे माणिकनगर, तर कधी गुलबर्गा, म्हणजे २०१४ पासून ज्याचे अधिकृत नाव कलबुर्गी झाले ते शहर. अशा सहलींहून परतल्यावर पालक व विद्यार्थी आम्हांस हटकून एक प्रश्न विचारतात, "एखादा चांगला कॅमेरा घ्यावा म्हणतो, कोणता घ्यावा?" हल्ली भिंगे बदलता येणारा नवा कॅमेरा भिंगासह घ्यावयाचा, तर साधारणतः अर्धा लाख रुपयांच्या घरात जावे लागते. सामान्य कुटुंबास ही रक्कम लहान नव्हे. म्हणून या प्रश्नाचे उत्तर थोडे सविस्तर द्यावे, या हेतूने हा लेख लिहीत आहोत.

आरंभीच आमच्या हातून झालेली एक चूक सांगून टाकतो. काही वर्षांपूर्वी आम्हीही एक मोठा कॅमेरा घेतला. दुकानदाराने दूरची वस्तू जवळ आणणारे लांबलचक भिंगही गळ्यात बांधले. पिशवी चांगली चार किलो भरली. पुढे मातोश्रींना घेऊन गाणगापूरला गेलो. पहाटे भीमा-अमरजेच्या संगमावर निघताना ते ओझे नकोसे झाले आणि पिशवी खोलीतच राहिली. स्नान आटोपून मातोश्री सूर्यास अर्घ्य देत उभ्या होत्या. तोंडावर कोवळे ऊन पडले होते आणि आमचे हात रिकामे होते. पुढच्याच वर्षी त्या गेल्या. त्या प्रभातीचे छायाचित्र आमच्या घरी नाही. तेव्हापासून आमच्या मनाने एक नियम घेतला आहे : प्रवासाचा कॅमेरा निवडताना आपण कशाची छायाचित्रे घेणार आणि दिवसभर किती वजन वागवू शकणार, हे दोन प्रश्न आधी सोडवावेत, त्यांवरून भिंग ठरवावे, आणि कॅमेरा सर्वांत शेवटी निवडावा. दुकानात मात्र बहुधा याच्या उलट क्रमाने खरेदी होते.

आता 'आरशाविना', म्हणजे मिररलेस, कॅमेरा म्हणजे काय ते पाहू. पूर्वीच्या एसएलआर कॅमेऱ्यात भिंगातून आलेला प्रकाश पंचेचाळीस अंशांत बसविलेल्या एका आरशावर पडे. तेथून तो वर जाऊन एका लोलकातून आपल्या डोळ्यापर्यंत पोहोचे. कळ दाबताच आरसा वर उचलला जाई आणि प्रकाश फिल्मवर किंवा पुढील काळात सेन्सरवर पडे. या आरशास हालचालीसाठी जागा लागे. म्हणून निकॉनच्या जुन्या पद्धतीत भिंगाची बैठक व फिल्म यांमध्ये ४६.५ मिलिमीटर, तर कॅननच्या पद्धतीत ४४ मिलिमीटर अंतर ठेवावे लागे. आरसाच काढून टाकला, की ही अडचण संपली. निकॉनच्या नव्या पद्धतीत हे अंतर अवघे १६, तर कॅननच्या नव्या पद्धतीत २० मिलिमीटर आहे. पॅनासॉनिक कंपनीने २००८ मध्ये ल्युमिक्स जी१ हा या जातीचा कॅमेरा आणला. सोनीने २०१० मध्ये आपली पद्धत सुरू केली. आणि २०१८ मध्ये निकॉन व कॅनन यांनीही मोठ्या सेन्सरचे आरशाविना कॅमेरे काढले.

आरसा गेला, मग दृश्य दिसते कसे? सेन्सरवर पडलेली प्रतिमाच एका लहानशा पडद्यावर आपल्या डोळ्यासमोर येते. याचा लाभ मोठा आहे. छायाचित्र फार काळे येणार की फार पांढरे, हे कळ दाबण्यापूर्वीच समजते. बिदरी कामाचे उदाहरण घ्या. जस्त व तांबे यांच्या मिश्रधातूवर चांदीची तार ठोकून बसवितात आणि किल्ल्यातील माती व नवसागर यांच्या साह्याने धातूस तो प्रसिद्ध काळा रंग आणतात. अशी सुरई समोर ठेवली की कॅमेऱ्याचे मापनयंत्र फसते. त्यास वाटते, प्रकाश कमी आहे. मग ते चित्र उजळवते, काळा धातू राखाडी होतो आणि चांदीची नक्षी डोळ्यांत खुपू लागते. आरशाविना कॅमेऱ्यात हा दोष पडद्यावर आधीच दिसतो. एक चकती थोडी उणे बाजूस फिरविली, की काळे ते काळे राहते.

दुसरा लाभ शांततेचा. यांतील बहुतेक कॅमेरे मुळीच आवाज न करता छायाचित्र घेऊ शकतात. दर्ग्यात वा देवळात, परवानगी घेतल्यानंतर, ही गोष्ट उपयोगी पडते. परंतु विजेच्या काही दिव्यांखाली या नि:शब्द पद्धतीने घेतलेल्या चित्रावर आडवे पट्टे उमटतात. ते दिसल्यास नेहमीचा शटर वापरावा.

आता सेन्सरचा आकार. प्रचारात मुख्यतः तीन आकार आहेत. 'फुल फ्रेम' म्हणजे ३६ गुणिले २४ मिलिमीटर. क्षेत्रफळ ८६४ चौरस मिलिमीटर. 'एपीएस-सी' म्हणजे साधारण २३.५ गुणिले १५.६, क्षेत्रफळ सुमारे ३६७. 'मायक्रो फोर थर्ड्स' म्हणजे १७.३ गुणिले १३. क्षेत्रफळ सुमारे २२५. मोठ्या सेन्सरवर एकूण प्रकाश अधिक पडतो, म्हणून अंधाऱ्या जागी त्याचे चित्र अधिक स्वच्छ येते. परंतु सेन्सर मोठा झाला, की भिंगेही मोठी, जड व महाग होतात. आरसा गेल्याने कॅमेऱ्याची जाडी घटली, भिंगाचे वजन त्या प्रमाणात घटले नाही, हे ध्यानात ठेवावे. आमच्या मते विद्यार्थी व कुटुंबे यांना मधला, एपीएस-सी आकार पुरेसा आहे. ज्यांना ओझे फारच नको त्यांना तिसराही चालेल.

भिंगाचा विचार मात्र सावकाशीने करावयास हवा. बिदरच्या भर वस्तीत महमूद गवानचा मदरसा उभा आहे. बहमनी राज्याच्या या विद्वान वजिराने तो १४७२ मध्ये पुरा केला. इमारतीची लांबी २०५ फूट, रुंदी १८० फूट. समजा, १८० फुटांची एक संपूर्ण बाजू चौकटीत बसवावयाची आहे. गणित सोपे आहे : बाजूची लांबी गुणिले भिंगाचे नाभीय अंतर, भागिले सेन्सरची रुंदी. फुल फ्रेम कॅमेऱ्यावर ५० मिलिमीटरचे भिंग असल्यास १८० गुणिले ५० भागिले ३६, म्हणजे २५० फूट मागे जावे लागेल. आणि मागे तर घरे व रस्ते आहेत! २४ मिलिमीटरचे भिंग असल्यास १२० फुटांत काम होते. एपीएस-सी कॅमेऱ्यावर तोच कोन १६ मिलिमीटरच्या भिंगाने मिळतो, मायक्रो फोर थर्ड्सवर १२ मिलिमीटरच्या. म्हणून वास्तूंच्या प्रदेशात हिंडणाऱ्याने पहिले भिंग रुंद कोनाचे पाहावे. कॅमेऱ्यासोबत मिळणारे १६ ते ५० मिलिमीटरचे साधे झूम भिंग हे काम करते. १८ मिलिमीटरपासून सुरू होणारे भिंग दोन मिलिमीटरनेच उणे असते. पण अरुंद बोळात तो फरक जाणवतो.

आता आत चला. कलबुर्गीच्या किल्ल्यातील जामा मशीद १३६७ मधली. सुमारे २१६ फूट लांब व १७६ फूट रुंद अशा या वास्तूस उघडे अंगण नाही. सारी जागा घुमटांनी झाकलेली आहे. कमानीमागे कमान जात राहते आणि प्रकाश हळूहळू मंदावतो. बिदरजवळ अष्टूरला अहमदशहा वलीच्या कबरीत तर घुमटाच्या आतल्या बाजूस रंग व सोनेरी अक्षरे आहेत आणि खाली काळोख आहे. अशा चित्रांवर फ्लॅशचा झोत पाडणे योग्य नव्हे. येथे भिंगाच्या छिद्राचा, म्हणजे अ‍ॅपर्चरचा, प्रश्न येतो. एफ/२ हा आकडा एफ/४ पेक्षा चौपट आणि एफ/५.६ पेक्षा सुमारे आठपट प्रकाश आत घेतो. म्हणजे साध्या भिंगास जेथे एका सेकंदाचा पाचवा भाग लागतो, तेथे एफ/२ चे भिंग चाळिसाव्या भागात काम करते. पहिल्या वेळेत हात हलतो, दुसऱ्या वेळेत जपून धरल्यास हलत नाही. काही कॅमेऱ्यांत सेन्सर स्वतः किंचित सरकून हाताचा कंप सावरून घेतो. दगडी घुमटासाठी ही सोय उत्तम. पण हातोडी चालविणाऱ्या बिदरी कारागिराचा हात ती थांबवू शकत नाही. तेथे अधिक प्रकाशच हवा. तिपाई न्यावी म्हटले, तर पुरातत्त्व खात्याच्या ताब्यातील वास्तूंत तिला परवानगी लागते. म्हणून दुसरे भिंग २३ किंवा ३५ मिलिमीटरचे, एफ/२ च्या आसपासचे, लहान व हलके असे घ्यावे. घरातील माणसांची छायाचित्रे घेण्यासही तेच कामी येते.

तिसरे, दूरदर्शी भिंग प्रथम घेऊ नये. बिदर जिल्ह्यातील माळरानावर काळवीट दिसतात, त्यांच्या चित्रांसाठी ते लागेल हे खरे. पण वर्षातून एकदा लागणाऱ्या वस्तूचे ओझे वर्षभर वाहणे शहाणपणाचे नव्हे. उन्हात सर्वांचा मिळून फोटो घ्यावयाचा, तर खिशातला मोबाइलही पुरे, हेही येथे मोकळेपणाने सांगावे लागेल. कॅमेऱ्याचे सामर्थ्य दिसते ते अंधारात, बारीक नक्षीत व मोठा कागद छापताना.

आपल्या मुलुखाच्या काही खास अडचणी आहेत. बिदरचे पठार जांभ्या दगडाचे. तेथली तांबडी धूळ सर्वत्र शिरते. आरसा नसल्यामुळे भिंग काढताच अनेक कॅमेऱ्यांत सेन्सर उघडा पडतो. म्हणून भिंग वाऱ्याकडे पाठ करून, कॅमेऱ्याचे तोंड खाली धरून, चटकन बदलावे. छोट्या पडद्यामुळे वीज अधिक खर्च होते. तेव्हा एक जादा बॅटरी घेतल्यावाचून निघू नये. पावसाळ्यात भिंगावर बुरशी धरते. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ती ठेवावीत. आणि 'हवामानरोधक' म्हणजे जलाभेद्य नव्हे. बिदरच्या झरणी नरसिंहाच्या दर्शनास गुहेतील छातीभर पाण्यातून जावे लागते. तेथे कॅमेरा बाहेर कोणाच्या तरी हवाली करून जाणे हेच उत्तम.

खरेदीस जाताना एकूण रकमेचा निम्म्याहून अधिक भाग नुसत्या कॅमेऱ्यावर घालवू नये. नवा कॅमेरा दरवर्षी जुना होतो. चांगले भिंग दोन-तीन कॅमेरे पाहते. कॅमेरा हातात घेऊन पाहावा, बोटे कळांवर सहज पोहोचतात का ते तपासावे, आणि त्या पद्धतीची भिंगे आपल्या ऐपतीत मिळतात का याची चौकशी करावी. घरात वडिलांच्या वा आजोबांच्या काळातील, भिंगे बदलता येणारा फिल्म कॅमेरा असेल, तर तो टाकून देऊ नये. आरशाची जागा वाचल्यामुळे त्याची भिंगे एका जोडकड्याच्या साह्याने नव्या कॅमेऱ्यावर बहुधा बसतात. त्यांवर प्रतिमा हातानेच स्पष्ट करावी लागते. पण शिकणाऱ्यास तो उत्तम अभ्यास होय.

शेवटी एक विचार. महमूद गवानच्या मदरशाच्या दर्शनी बाजूस पूर्वी दोन मिनार होते. सतराव्या शतकाच्या अखेरीस झालेल्या स्फोटात एक मिनार व इमारतीचा मोठा भाग कोसळला. त्या काळी छायाचित्रणकला जन्मासही आली नव्हती. ती आली १८३९ मध्ये. त्यामुळे दोन्ही मिनारांसह तो मदरसा कसा दिसे, हे दाखविणारे छायाचित्र जगात कोठेच नाही. उलट, गुलाम यझदानी यांनी बिदरच्या वास्तूंवर लिहिलेला ग्रंथ १९४७ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात छायाचित्रे आहेत. आज कोणीही ती समोर धरून कोणती फरशी गळाली, कोणता रंग उडाला, हे ताडून पाहू शकतो. उरलेल्या मिनाराच्या निळ्या-पांढऱ्या फरशीचे तुकडे आजही ऊन-पाऊस सोसत आहेत.

तेव्हा विद्यार्थिमित्रहो, पुढच्या सहलीत कोणताही कॅमेरा न्या, पण तो खोलीत ठेवू नका. घेतलेल्या प्रत्येक चित्राखाली दिनांक, ठिकाण आणि कोणत्या बाजूने घेतले ते लिहा. त्याची एक प्रत घरी व एक शाळेत ठेवा. आणि छायाचित्र घेताना बरोबरच्या वडीलधाऱ्या मंडळींना विसरू नका. वास्तू पुष्कळ वर्षे थांबतात. माणसे तितकी थांबत नाहीत.