सहा टोकांची परीक्षा

नंदुरबार जिल्ह्यात तापीच्या दोन्ही तीरांवर केळी, पपई आणि उसाचे जे मळे दिसतात, ते विजेच्या मोटारींच्या आधारावर उभे आहेत. नंदुरबारच्या लाल मिरचीचे तिखट करणारे कारखाने असोत की मोठ्या पिठाच्या गिरण्या, तीन फेजच्या मोटारीवाचून त्यांचे चालत नाही. अशी मोटार ऐन उन्हाळ्यात जळाली, तर शेतकऱ्याचे नुकसान नव्या वाइंडिंगच्या खर्चापुरते राहत नाही. दुरुस्ती होईपर्यंत उभे पीक तहानलेले राहते. मोटार जळण्याचा दोष बहुधा कमी दाबाच्या विजेला किंवा मध्येच गेलेल्या एखाद्या फेजला दिला जातो, आणि पुष्कळदा तो रास्तही असतो. परंतु एक कारण असे आहे की, त्याचे खापर वीजपुरवठ्यावर फोडता येणार नाही. मोटारीची टोके चुकीची जोडणे हे ते कारण होय, आणि त्याचे मूळ आपल्या शिकण्या-शिकवण्याच्या रीतीत आहे.

तीन फेजच्या मोटारीत तारेच्या वेटोळ्यांचे तीन संच असतात. प्रत्येकाची दोन, अशी एकूण सहा टोके जोडपेटीत आणलेली असतात. तिन्ही संचांची एकेक बाजू एकत्र बांधून उरलेल्या तीन टोकांना वीज दिली, की स्टार जोडणी होते. एका संचाचा शेवट दुसऱ्याच्या आरंभाला, असे करीत त्रिकोण पूर्ण केला, की डेल्टा जोडणी होते. डेल्टामध्ये प्रत्येक संचाला लाइनचा पूर्ण दाब सोसावा लागतो; स्टारमध्ये लाइनच्या दाबाला १.७३ ने भागून येईल तेवढाच दाब त्याच्या वाट्याला येतो. म्हणजे ४१५ व्होल्टच्या लाइनवर स्टारमधील संचाला सुमारे २४० व्होल्ट मिळतात. याच हिशेबामुळे एकच मोटार दोन दाबांवर चालू शकते. नामपट्टीवर ‘२४०/४१५, डेल्टा/स्टार’ असे लिहिलेले असेल, तर तिचा प्रत्येक संच २४० व्होल्टसाठी गुंडाळलेला आहे, एवढाच त्याचा अर्थ. नव्या मोटारींवर हेच आकडे २३०/४०० असे आढळतात.

खरी मेख पुढेच आहे. पाण्याच्या पंपाची मोठी मोटार साधारणपणे ४१५ व्होल्टवर डेल्टामध्ये चालण्यासाठी बनविलेली असते. सुरू होताना ती एकदम फार प्रवाह ओढू नये, म्हणून स्टार-डेल्टा स्टार्टर तिला काही क्षण स्टारमध्ये ठेवतो आणि वेग आला की डेल्टामध्ये नेतो. ही जोडणी रोज पाहणाऱ्या मुलाच्या मनात ‘सहा टोके म्हणजे डेल्टा’ असे सूत्र घर करून बसते. उद्या २४०/४१५ व्होल्टची लहान मोटार त्याच्या हाती आली आणि त्याने तीही ४१५ च्या लाइनवर डेल्टामध्ये जोडली, तर २४० साठी बनविलेल्या संचावर ४१५ व्होल्ट पडतात, प्रवाह बेसुमार वाढतो आणि थोड्याच वेळात वाइंडिंग जळून जाते. उलट, डेल्टाची मोटार कायम स्टारमध्ये ठेवली, तर तिचा जोर एक-तृतीयांशावर येतो. पंपाचा पूर्ण भार पेलता न आल्याने ती रेंगाळते, तापते आणि अखेर तीही जळते. पेटी तशीच, टोके तितकीच, लाइनही तीच. आणि तरीही दोन मोटारींची जोडणी वेगळी! येथे पाठांतर निरुपयोगी ठरते.

उस्तादाच्या हाताखाली घडलेल्या कारागिराला हे सारे तत्त्वज्ञान कशाला हवे, असा आक्षेप घेतला जातो. अनुभवाचे मोल कोणीही नाकारणार नाही. परंतु अनुभव पाहिलेल्या मोटारीपुरता असतो; न पाहिलेली मोटार समोर आली की, तत्त्वच कामी येते. अमेरिकी पद्धतीच्या २३०/४६० व्होल्टच्या मोटारीतून बहुधा नऊ टोके बाहेर आलेली असतात. तेथे प्रत्येक संचाचे दोन भाग जास्त दाबासाठी एकापुढे एक, तर कमी दाबासाठी शेजारी-शेजारी जोडतात. आकृती सर्वस्वी निराळी. पण प्रत्येक वेटोळ्याला त्याच्या हक्काचाच दाब मिळाला पाहिजे, हा नियम तोच. निकोला टेस्ला यांना फिरत्या चुंबकीय क्षेत्रावर चालणाऱ्या मोटारीची पेटंटे १८८८ मध्ये मिळाली, तेव्हापासून तो बदललेला नाही.

या प्रश्नाला नंदुरबारात आणखी एक पदर आहे. १९९८ मध्ये धुळ्यापासून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे ६९ टक्के लोक आदिवासी होते आणि साक्षरता सुमारे ६४ टक्के, म्हणजे राज्यात सर्वांत कमी होती. अक्राणी किंवा अक्कलकुवा तालुक्यातील मुलगा घरी पावरी किंवा भिली बोलतो, शाळेत मराठी शिकतो आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत वीजतंत्रीच्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाला आला की, त्याची गाठ इंग्रजी नामपट्टीशी पडते. तिसऱ्या भाषेतील शब्द अर्थासह पोहोचला नाही, तर आकृती पाठ करण्यावाचून त्याला गत्यंतर उरत नाही. अशा वेळी त्याच्या बुद्धीला दोष देणे अन्यायाचे होईल.

उपाय खर्चाचा नाही. सुरक्षित अशा कमी दाबाच्या तीन फेजवर तीन सारखे दिवे आधी स्टारमध्ये आणि मग डेल्टामध्ये जोडून दाखवावेत. पहिल्या वेळी मंद आणि दुसऱ्या वेळी प्रखर झालेला प्रकाश १.७३ चा अर्थ कोणत्याही भाषेवाचून सांगतो. खुणा पुसलेली मोटार देऊन, तपासणीच्या दिव्याने टोकांच्या जोड्या शोधावयास लावाव्यात. आणि परीक्षेत ‘स्टार जोडणीची आकृती काढा’ असे विचारण्याऐवजी नामपट्टी व लाइनचा दाब देऊन ‘ही मोटार कशी जोडाल, आणि का?’ असे विचारावे. त्यातील ‘का’ला अर्धे गुण असावेत.

ही निकड आता वाढली आहे. जेथे एकच फेज पोहोचते, तेथे लहान कामांसाठी २३० व्होल्टच्या एका फेजवरून तीन फेज तयार करणारे व्हीएफडी नावाचे उपकरण वापरता येते. त्यातून बाहेर पडणारा दाबही २३० व्होल्टचाच असल्याने २३०/४०० ची मोटार तेथे डेल्टामध्येच जोडावी लागते. म्हणजे जी जोडणी काल त्याच मोटारीचा घात करीत होती, तीच येथे योग्य ठरते.

सातपुड्यातील मुलाच्या हाती पक्कड आणि टेस्टर देऊन त्याला रोजगार मिळवून दिल्याचे समाधान मानणे सोपे आहे. परंतु ज्याला केवळ कृती दिली, तो आयुष्यभर दुसऱ्याच्या सांगण्यावर अवलंबून राहतो. नामपट्टी वाचून ‘ही जोडणी चुकीची आहे’ असे मालकालाही ठामपणे सांगू शकेल, असा कारागीर घडविणे हेच तंत्रशिक्षणाचे काम आहे. त्या सहा टोकांपुढे मुलाइतकीच त्याला शिकविणाऱ्यांचीही परीक्षा असते.