गोलूला कीपर करू नका!

‘नुसता उंडारत असतोस!’ असं मुलाला ऐकवण्याआधी हा आकडा पाहा. जागतिक आरोग्य संघटनेने १४६ देशांतल्या ११ ते १७ वयाच्या शाळकरी मुलांचा हिशेब मांडला. २०१६ साली जगातले सुमारे ७८ टक्के मुलगे रोजच्या तासभर हालचालीत नापास! फिलिपिन्समध्ये ९३ टक्के, भारतात ७२. आपण जरा बरे कशामुळे, तर संघटनेच्या अंदाजाने गल्लीबोळातल्या क्रिकेटमुळे. (मुलींचे आकडे याहून वाईट, त्यांना गल्लीत बॅट देतो कोण?)

हा तास मात्र धाप लागेल असा हवा. पार्किंगमधल्या मॅचमध्ये तो सगळ्यांच्या वाट्याला येत नाही. अंगाने भरलेला गोलू हमखास कीपर, नाहीतर अंपायर. ज्याने पळायला हवं, तोच स्कूटरला टेकून उभा! खरा दमतो तो ‘कॉमन’. पोरं विषम भरली की दोन्हीकडून खेळणारा.

आता वजनकाट्याची गंमत. बीएमआय म्हणजे उंचीच्या मानाने वजन. त्याचं सूत्र बेल्जियमच्या केतले यांचं, १८३२ च्या सुमाराचं. गृहस्थ डॉक्टर नव्हते, खगोलशास्त्रज्ञ होते! वाढत्या वयात तर मोठ्यांचा जादा वजनाचा २५ चा आकडा मुळीच लावायचा नसतो. वयानुसार, मुलगा-मुलगी वेगळा तक्ता असतो.

आणि काटा फसवतोही. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये चक्क स्वतःचाच जोडफोटो छापला. दोघांचा बीएमआय तंतोतंत २२.३. अंगातली चरबी? युडकिन ९.१ टक्के, याज्ञिक २१.२! फोटोखाली मिश्कील कबुली होती: एक मॅरेथॉन पळतो, तर दुसरा रोज सकाळी हॉस्पिटलच्या लिफ्टचं दार बंद होण्याआधी आत शिरण्यापुरता. याज्ञिकांनी जन्मावेळच्या आपल्या कमी वजनाकडेही बोट दाखवलं. तेव्हा ‘आमचा तर काडीपैलवान’ म्हणून निर्धास्त राहण्यात अर्थ नाही.

मुलांना आठवड्यातून तीन दिवस हाडं-स्नायू बळकट करणारा व्यायामही हवा. त्याला जिम कशाला? औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी संस्थानातल्या शाळांत सूर्यनमस्कार आणले. त्याला सतरंजीएवढी जागा पुरते.

क्रिकेटला मात्र जागा लागते. सोसायटीच्या पुढच्या सभेत ‘येथे खेळण्यास मनाई आहे’ ही पाटी काढायचा ठराव तेवढा मांडा. काचेचे पैसे वर्गणीतून भरू.