जितवारपूरच्या आज्यांची भिंत

बिहारमधल्या मधुबनी शहराजवळचे जितवारपूर हे गाव ठाऊक नसलेल्यांनीही तिथली चित्रे कुठे ना कुठे पाहिलेली असतात. साडीच्या पदरावर, भेटकार्डावर, सरकारी कचेरीच्या भिंतीवर मोठ्या डोळ्यांची माणसे, मासे, पोपट आणि कमळे आपल्याकडे टक लावून असतात. या गावाविषयी बोलताना जाणकार मंडळी हळहळतात ती अशी : ही कला भिंतीवरची, ती कागदावर आली, बाजारात गेली आणि तिचा जीव गेला. ही हळहळ मला फारशी पटत नाही. मुळात ती भिंत रस्त्यावरून दिसणारी नव्हतीच. ती घराच्या आतली, कोहबर घराची, म्हणजे नवदांपत्याच्या खोलीची. लग्न ठरले की माती-शेणाने सारवलेल्या त्या भिंतीवर कमळवेल, बांबूचे बेट, कासव आणि मासे उतरत. काजळी, हळद, कुसुंबीची फुले, तांदळाची पेज एवढ्यावर रंगांची सोय होई आणि बांबूच्या काडीला कापूस गुंडाळला की कुंचला तयार. पुढच्या लग्नाला भिंत पुन्हा सारवली जाई आणि आधीचे चित्र त्याखाली नाहीसे होई. कोणाला त्याचे दुःख नसे, कारण टिकवायचे होते ते चित्र नव्हे, हात. घरातली वडीलधारी बाई रेघ ओढी, पोरीबाळी रंग भरत आणि एक दिवस रेघ ओढायची पाळी त्यांच्यावर येई. लग्न होऊन जितवारपूरला आलेल्या सीतादेवी (1914–2005) आपल्या आई-आजीकडून हेच शिकल्या होत्या.

बाहेरच्या जगाला या भिंती दिसल्या त्याही त्या पडल्यामुळे. 15 जानेवारी 1934च्या भूकंपात मिथिलेतली, म्हणजे मधुबनीच्या या प्रदेशातली, घरे उघडी पडली आणि नुकसानीची पाहणी करणारे ब्रिटिश अधिकारी विल्यम आर्चर आतली चित्रे पाहून थक्क झाले. 1949 साली ‘मार्ग’ नियतकालिकात त्यांनी त्यांवर लेख लिहिला. ब्राह्मण घरांतली आणि कायस्थ घरांतली चित्रणाची रीत वेगळी आहे, हेही त्यांनी टिपले होते. म्हणजे कागद येण्याआधीच ‘अनाम लोककला’ म्हणून एका ढिगात टाकता येईल असे हे काम नव्हते. हात ओळखू येत होते, फक्त ते ओळखणारे गावाबाहेर कोणी नव्हते.

मग 1966–67चा दुष्काळ आला. शेतात काम उरले नाही, तेव्हा बायकांनी कागदावर चित्रे काढावीत आणि ती विकली जावीत, अशी योजना हस्तकलांच्या पुरस्कर्त्या पुपुल जयकर यांच्या पुढाकाराने आखली गेली. त्यासाठी कागद घेऊन मधुबनीत गेले ते चित्रकार भास्कर कुलकर्णी. मराठी माणसाला याचा अभिमान वाटणे साहजिक आहे, पण अभिमानाच्या भरात सगळे श्रेय त्यांच्या झोळीत टाकू नये. हेच कुलकर्णी पुढे डहाणूकडच्या वारली पाड्यांवरही पोहोचले. तिथेही लग्नाचा चौक सुवासिनीच लिहीत. तरी कागदावर नाव झाले ते जिव्या सोमा मशे या पुरुषाचे. त्यांची थोरवी निर्विवाद आहे. पण उत्तेजन देणारा तोच, कागदही तसाच, आणि फळ मात्र निराळे. मिथिलेत पिढ्यान्‌पिढ्या आतल्या खोलीत कमावलेला हात बायकांकडेच राहिला आणि पैसाही आधी त्यांच्या पदरात पडला. 1975 मध्ये जगदंबादेवींना पद्मश्री मिळाली, 1981 मध्ये सीतादेवींना. दोघीही जितवारपूरच्या. ज्या चित्राखाली कधी सही नव्हती, त्या चित्राला चित्रकर्ती मिळाली ती कागदामुळे.

यावर एक आक्षेप खरा आहे आणि तो टाळून चालणार नाही. मागणी वाढली तशी तीच ती कमळे, तेच ते मासे झपाट्याने निघू लागले आणि पुष्कळसा माल बेचव आहे. पण याचा दोष कागदावर कसा ठेवायचा? त्याच कागदावर सीतादेवींनी रंगांचे भरगच्च, रसरशीत पट्टे भरले आणि शेजारच्या रसीदपूरच्या गंगादेवींनी केसासारख्या बारीक रेघांत स्वतःच्या कर्करोगाची, रुग्णालयाची आणि अमेरिकेतल्या रोलर कोस्टरची चित्रे काढली. कोहबराच्या भिंतीवर असला विषय कोणी लिहू दिला नसता. आणि भिंतच पवित्र मानायची, तर गंगादेवींनी दिल्लीच्या हस्तकला संग्रहालयात रंगवलेले कोहबर घर तरी कुठे राहिले? नूतनीकरणात ते पाडले गेले. तिथे बाजार नव्हता, होती ती सरकारी बेफिकिरी.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. आज्यांच्या वारशाचे गोडवे गाताना कोणाच्या आज्या, हे विचारायला हवे. आर्चरनी वाखाणलेल्या भिंती ब्राह्मण-कायस्थांच्या होत्या. त्याच जितवारपुरात दुसाध या दलित जातीची वस्ती होती आणि देवदेवतांची ती चित्रे काढण्याचा मान तिथल्या बायकांना नव्हता. 1970च्या दशकात जर्मन मानववंशशास्त्रज्ञ एरिका मोझर यांच्या प्रोत्साहनाने त्यांनीही कागद हाती घेतला. शेजारणींची नक्कल करण्याऐवजी चानोदेवींसारख्यांनी अंगावरच्या गोंदणाच्या नक्षीपासून आपली शैली घडवली आणि राजा सलहेस या आपल्या लोकदेवतेच्या कथा चितारल्या. शेणाच्या पाण्याचा हात दिलेला मातकट कागद आणि त्यावर गोंदणाच्या ओळीच्या ओळी. आज ‘गोदना’ ही मिथिला चित्रकलेची एक मान्यताप्राप्त शाखा आहे. जुनी भिंत जशीच्या तशी जपली असती, तर या बायका तिच्या बाहेरच राहिल्या असत्या.

2007 मध्ये मधुबनी चित्रांना भौगोलिक मानांकन मिळाले. त्याने प्रदेशाचे नाव सुरक्षित झाले, चित्रकर्तीचे नव्हे. म्हणून जितवारपुरातून चित्र विकत घेणाऱ्याने कोपऱ्यातली सही आधी पाहावी, आणि ती ज्या बाईची असेल तिला, ती रेघ ओढायला कोणाकडून शिकली, हे विचारावे.