कोकणात गोल्फ खेळायचा कोठे?

पोलादपूर तालुक्यातील कापडे गावाहून मुंबई-गोवा महामार्गावर आलेल्या गोल्फप्रेमी पर्यटकाला मैदानासाठी बरेच दूर जावे लागते. उत्तरेस, रायगड जिल्ह्यातच, खारघरच्या डोंगरपायथ्याशी सिडकोचे मैदान आहे. सभासद नसलेल्यांनाही तेथे शुल्क भरून खेळता येते, ही त्याची मोठी सोय. चेंबूरचा बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब १९२७चा. तो सभासदांचा क्लब असल्याने पाहुण्यांचे नियम आधी विचारून घ्यावेत. दक्षिणेस गोव्यात काणकोणच्या राजबाग किनाऱ्यालगत 'द ललित' हॉटेलचे नऊ होलचे मैदान आहे.

अशी मैदाने कोकणात मोजकीच का? अठरा होलच्या मैदानाला साधारणतः ५० ते ६० हेक्टर सलग जमीन लागते. पोलादपूरच्या डोंगराळ मुलखात सपाटी म्हणावी ती भातखाचरांचीच. त्याहून अवघड प्रश्न पाण्याचा. येथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, पण तो उतारावरून सावित्रीमार्गे समुद्राला मिळतो. पावसाळा सरला की मैदानावरील हिरवळीला नियमित पाणी द्यावे लागते आणि ही गरज ऐन उन्हाळ्यात, म्हणजे डोंगरवाड्यांवर टँकरची वाट पाहिली जाते तेव्हाच, वाढते.

सिंधुदुर्गाला लागून असलेल्या गोव्यातील तेरेखोल गावात गोल्फ मैदानाचा प्रकल्प आला, तेव्हा कुळांनी आणि ग्रामस्थांनी त्यास कडाडून विरोध केला. काजूच्या बागांवर पोट असलेल्या या गावाचा वाद पुढे न्यायालयापर्यंत गेला.