सॅम कुक

सॅम कुक (२२ जानेवारी, इ.स. १९३१ – ११ डिसेंबर, इ.स. १९६४) हे अमेरिकन गायक, गीतकार व ध्वनिमुद्रिकांचे निर्माते होते. आफ्रिकन-अमेरिकन चर्चमधील गॉस्पेल या भक्तिसंगीताची गायनशैली लौकिक गीतांत आणून ज्यांनी सोल संगीताचा पाया घातला, त्यांत रे चार्ल्स यांच्याबरोबर कुक यांचे नाव घेतले जाते. मुलायम प्रेमगीते गाणारा गायक एवढीच त्यांची ओळख अनेकदा करून दिली जाते, ती अपुरी आहे. वेगवेगळ्या श्रोतृवर्गांपुढे ते वेगवेगळ्या धाटणीने गात, आणि हा भेद ध्यानात घेतल्यावाचून त्यांचे कार्य नीट उमगत नाही.

चर्चमधील गायन

कुक यांचा जन्म मिसिसिपी राज्यातील क्लार्क्सडेल येथे झाला. वडील धर्मोपदेशक होते. इ.स. १९३३ मध्ये कुटुंब शिकागोला स्थलांतरित झाले. इ.स. १९५० च्या सुमारास ‘सोल स्टरर्स’ या नामांकित गॉस्पेल वृंदात आर. एच. हॅरिस यांच्या जागी विशीतील कुक मुख्य गायक झाले. हॅरिस यांच्यासारख्या मुरलेल्या गायकाची जागा भरणे सोपे नव्हते. कुक यांनी आवाज चढवण्यापेक्षा तो खेळवण्यावर भर दिला. एकाच अक्षरावर स्वरांची लहानशी लड सहज उलगडून पुन्हा मूळ स्वरावर येणे, ही त्यांची खूण ठरली. मराठी श्रोत्याला येथे ‘हरकत’ हा शब्द आठवल्यास वावगे नाही, मात्र दोन्ही संगीतपद्धतींचे नियम निराळे आहेत. बायबलमधील प्रसंगावर त्यांनी स्वतः रचलेले ‘टच द हेम ऑफ हिज गारमेंट’ (इ.स. १९५६) हे गीत या काळाचा उत्तम नमुना आहे.

लौकिक संगीत

भक्तिसंगीताच्या गायकाने प्रेमगीते गाणे म्हणजे धर्माकडे पाठ फिरवणे, अशी त्या समाजात अनेकांची धारणा होती. म्हणूनच कुक यांची पहिली लौकिक ध्वनिमुद्रिका इ.स. १९५६ मध्ये ‘डेल कुक’ या टोपणनावाने निघाली. आवाज ओळखायला श्रोत्यांना वेळ लागला नाही. पुढील वर्षी ‘यू सेंड मी’ हे गीत त्यांच्या खऱ्या नावाने आले आणि ऱ्हिदम अँड ब्लूज व पॉप या दोन्ही याद्यांत प्रथम क्रमांकावर गेले. याच सुमारास त्यांनी आडनावाच्या रोमन लेखनात शेवटी एक अक्षर वाढवले. देवनागरीत हा फरक दिसत नाही. ‘चेन गँग’ (इ.स. १९६०) या गीताचा विषय मात्र प्रेम नाही. रस्त्याच्या कामावर जुंपलेल्या साखळबंद कैद्यांचे हुंकार आणि हत्यारांचे ठोके त्याच्या आकर्षक ठेक्यातच मिसळलेले आहेत.

व्यवसाय

त्या काळी अनेक कृष्णवर्णीय कलावंतांना आपल्याच गीतांच्या उत्पन्नात नगण्य वाटा मिळे. कुक यांनी जे. डब्ल्यू. अलेक्झांडर यांच्याबरोबर गीतांचे प्रकाशन हक्क सांभाळणारी ‘कॅग्ज म्युझिक’ ही संस्था चालवली आणि ‘सार’ ही ध्वनिमुद्रिका कंपनीही काढली. गीत दुसऱ्या कोणी गायले तरी त्याचे मानधन हक्क बाळगणाऱ्याकडे येते, हे मर्म त्यांनी ओळखले होते. बॉबी वोमॅक व त्यांचे भाऊ, तसेच जॉनी टेलर यांना या कंपनीने पुढे आणले.

दोन मैफली

जानेवारी १९६३ मध्ये मायामीच्या हार्लेम स्क्वेअर क्लबमध्ये, मुख्यत्वे कृष्णवर्णीय श्रोत्यांपुढे झालेली मैफल ध्वनिमुद्रित झाली. येथे आवाज खरखरीत व आव्हान देणारा आहे, श्रोते ओळी उचलून धरतात, आणि चर्चमधील सामूहिक गायन पुन्हा उभे राहते. कंपनीला हे गायन फारच रांगडे वाटले, ध्वनिमुद्रण इ.स. १९८५ मध्ये, कुक यांच्या मृत्यूनंतर दोन दशकांनी प्रसिद्ध झाले. न्यू यॉर्कच्या कोपाकबाना या उच्चभ्रू क्लबमधील इ.स. १९६४ ची मैफल मात्र त्याच वर्षी बाजारात आली. ‘ट्विस्टिन द नाइट अवे’ हे गीत दोन्हींत आहे. ते लागोपाठ ऐकल्यास एकाच गायकाला किती सावधपणे वागावे लागत होते, हे कानांनाच कळते.

‘अ चेंज इज गॉना कम’

ऑक्टोबर १९६३ मध्ये लुइझियानातील श्रीव्हपोर्ट येथे एका हॉटेलाने कुक व त्यांच्या सहकाऱ्यांना जागा नाकारली. निषेध केल्यावर त्यांनाच अटक झाली. बॉब डिलन यांचे ‘ब्लोइन इन द विंड’ ऐकून, असे गीत आपण लिहायला हवे होते, असेही त्यांना वाटले होते. जानेवारी १९६४ मध्ये ध्वनिमुद्रित झालेल्या या गीताला रेने हॉल यांनी भव्य वाद्यवृंदाची साथ योजली. पुढे ते नागरी हक्क चळवळीचे गीत मानले गेले.

११ डिसेंबर १९६४ रोजी लॉस एंजेलिसमधील एका मोटेलात गोळी लागून कुक यांचा वयाच्या ३३ व्या वर्षी मृत्यू झाला. त्याच महिन्यात हे गीत ‘शेक’ या तबकडीच्या मागील बाजूस निघाले, पण वर्णभेदामुळे शहरात वावरण्यास होणाऱ्या मज्जावाचा उल्लेख असलेले कडवे त्यातून गाळले होते. ‘एन्ट दॅट गुड न्यूज’ या अल्बममध्ये ते कडवे कायम आहे. अभ्यासासाठी तीच आवृत्ती ऐकावी.