एका टीएमसीत किती टँकर?

नंदुरबार जिल्ह्यातल्या विसरवाडीच्या हायवेवरून दर दहा सेकंदांना १० हजार लिटर पाण्याचा एक टँकर जातोय असं समजा. रात्रीची विश्रांती नाही, सणाची सुट्टी नाही, कोंडाईबारी घाटात ट्रॅफिक जाम नाही (हे शेवटचं मानायला जरा अवघड आहे). अशा रांगेतून एक टीएमसी पाणी पुढे जायला किती दिवस लागतील? ३२८. अकरा महिने होत आले तरी रांग संपलेली नसेल, आणि तोवर २८ लाखांहून जास्त टँकर गेलेले असतील.

टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. पावसाळ्यात हा शब्द आपण रोज ऐकतो, दोन-चार टीएमसी वाढले-घटले की हळहळतो किंवा खूश होतो. पण तो ब्रिटिशांच्या फुटातून आलेला आहे आणि आपली घागर, बादली, टाकी, टँकर सगळं लिटरमध्ये आहे. त्यामुळे आकडा कानावर पडतो, डोळ्यांसमोर मात्र काही उभं राहत नाही.

विसरवाडीच्या याच रस्त्यानं सुरतच्या दिशेनं नवापूर ओलांडून सोनगडला पोचलं की जवळच उकाई. तापीवरचं हे धरण गुजरातचं, पण त्याच्या फुगवट्याखाली जमिनी नंदुरबार जिल्ह्यातल्याही गेल्या. त्याची साठवणक्षमता सुमारे ७,४१४ दलघमी, म्हणजे दशलक्ष घनमीटर. टीएमसीत सांगायचं तर साधारण २६२. कोयनेचं धरण १०५ टीएमसीचं. म्हणजे उकाईत जवळजवळ अडीच कोयना मावतात. आपल्या टँकरच्या रांगेनं उकाई रिकामं करायचं ठरवलं तर २३५ वर्षं लागतील. शेवटचा टँकर आज विसरवाडीतून जायचा असेल, तर पहिला सवाई माधवरावांच्या काळात निघायला हवा होता.

आता क्युसेक. हा साठा नव्हे, वेग: सेकंदाला एक घनफूट. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला २८.३ लिटर. या धारेखाली आपला टँकर लावला तर तो सहा मिनिटांत भरेल. फार काही वाटत नाही. मग बातमी येते, एक लाख क्युसेकचा विसर्ग सुरू. म्हणजे सेकंदाला २८३ टँकर. ऑगस्ट २००६ मध्ये उकाईतून सुमारे नऊ लाख क्युसेक पाणी सोडावं लागलं आणि सुरतेचा बहुतेक भाग बुडाला. नऊ लाख क्युसेक म्हणजे सेकंदाला अडीच कोटी लिटर. पुण्याचं खडकवासला धरण, जे भरलं की पुणेकर सहकुटुंब बघायला जातात, ते त्या वेगानं ३७ मिनिटांत काठोकाठ भरलं असतं. कोयनेला साडेबत्तीस तास लागले असते.

हे सगळं करायला लक्षात ठेवायचा आकडा एकच: २८.३. एक घनफूट म्हणजे २८.३ लिटर. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला २८.३ लिटर. एक टीएमसी म्हणजे २८.३ दलघमी. आकारमान, वेग, साठा यांची वेगवेगळी कोष्टकं पाठ करायची गरज नाही.

तरीही चूक होते, आणि ती बहुतेक वेळा एकाच जागी होते. मीटर म्हणजे सव्वातीन फूट, हे सगळ्यांना ठाऊक. म्हणून घनमीटर म्हणजे सव्वातीन घनफूट असणार, असं मन परस्पर ठरवून टाकतं. पण घनमीटरला लांबी, रुंदी आणि खोली तिन्ही बाजूंनी सव्वातीन फूट असतात. गुणाकार तीनदा होतो आणि उत्तर येतं ३५.३. दहापट घोटाळा इथेच होतो. विहिरीचंही तसंच. वीस फूट व्यासाच्या विहिरीत दहा फूट पाणी असेल तर ते सुमारे ८९ हजार लिटर. व्यास चाळीस फूट केला की पाणी दुप्पट नाही, चौपट: साडेतीन लाख लिटरच्या वर.

पावसाचं गणित तर आणखी गमतीचं. एका एकरावर एक इंच पाऊस पडला तर किती पाणी? जुन्या पद्धतीनं आधी ३,६३० घनफूट, मग त्याचे गॅलन, साडेबावीस हजारांच्या आसपास. गॅलनही ब्रिटिश की अमेरिकी हे विचारायला हवं, कारण पहिला ४.५५ लिटरचा आणि दुसरा ३.७९ लिटरचा. मेट्रिकमध्ये एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर एक लिटर. गुणाकारच नाही. नवापूर तालुक्याच्या डोंगराळ भागात वर्षाला १,००० मिलिमीटर पाऊस धरला, तर एका एकरावर ४० लाख लिटर पडतं. चारशे टँकर, एका एकरावर, दरवर्षी, फुकट. त्याच शिवारात एप्रिलमध्ये हंडा घेऊन वणवण होत असेल तर उणीव पावसाची नाही, अडवण्याची आहे.

दशमान वजन-मापांचा कायदा आपण १९५६ मध्ये केला. उकाई धरण १९७२ मध्ये पूर्ण झालं. तरी त्याची पूर्ण पातळी आजही ३४५ फूट अशीच सांगतात; मीटरमध्ये ती १०५.१६. गंमत म्हणजे फूट आता स्वतंत्र मापच राहिलेलं नाही. १९५९ पासून ब्रिटन, अमेरिका आणि इतर काही देशांनी त्याची व्याख्याच ०.३०४८ मीटर अशी करून टाकली. मीटरनंच उभं केलेलं हे माप आपण मीटरऐवजी वापरतो.

पाटबंधारे खात्यात फूट टिकला याला कारण आहे. जुने नकाशे, नोंदवह्या आणि करार घनफुटात आहेत, आणि नदीच्या पाण्याचे तंटे जुन्या आकड्यांवरच भांडले जातात. ते समजू शकतं. पण पूरइशारा ही नोंदवही नव्हे. काठावरच्या माणसाला क्युसेकशेजारी लिटर सांगायला एक ओळ पुरते, आणि ती छापायलाच हवी. तोवर वाचकानं एवढं करावं: नाशिकच्या धरणांची बातमी बहुधा दलघफूत, म्हणजे दशलक्ष घनफुटांत असते, नंदुरबारची दलघमीत. शेवटच्या अक्षराकडे नीट पाहा. ‘फू’च्या जागी ‘मी’ वाचलंत, तर पाणी पस्तीसपट वाढतं.